जुन्या लॅपटॉपला बाहेरची डिस्क वेगाने कशी जोडावी? (थिंकपॅड टी४२०, फक्त यूएसबी २.०)

कोयनाकाठ | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे २०११ चा थिंकपॅड टी४२० आहे. आय५-२५२०एम प्रोसेसर, ८ जीबी रॅम, आत २५६ जीबीची एसएसडी, त्यावर लिनक्स मिंट. कीबोर्ड पहिल्यासारखा आहे, बिजागऱ्या घट्ट आहेत. मला हा लॅपटॉप बदलायचा नाही, त्यामुळे कृपया त्यावर चर्चा नको.

अडचण बाहेरच्या डिस्कची आहे. गेली बारा वर्षं मी आमच्या कराड-पाटण भागातली भजनं, गोंधळ आणि भेदिक शाहिरीचे सवाल-जवाब रेकॉर्ड करतोय. सगळं मिळून १.९ टीबी झालंय आणि ते एकाच २.५ इंची हार्डडिस्कवर आहे. त्यात गायलेले सात-आठ जण आता हयात नाहीत. दुसरी प्रत करायलाच हवी, म्हणून ४ टीबीची तशीच नवी डिस्क आणली. दोन्ही डिस्क यूएसबी ३.० च्या आहेत, पण लॅपटॉपला सगळी पोर्ट्स २.० ची.

काल कॉपी लावली तर वेग १७ एमबी प्रति सेकंद. या हिशोबाने एकतीस तास लागतील. आमच्याकडे एवढा वेळ सलग वीज राहत नाही, गुरुवारी तर दिवसभर नसते. या लॅपटॉपला वेगवान जोडणी बाहेरून बसवता येते का? डाव्या-उजव्या बाजूला ज्या खाचा आहेत त्यांचा काही उपयोग होतो का?

---

तांब्याची_तार | सोमवार, रात्री १०:२५

सांगलीत माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे, रोज अशी मशिन्स हाताखालून जातात. तुमच्या लॅपटॉपला नक्की करता येईल. पण खरेदीच्या आधी १७ हा आकडा कुठून आला ते बघू.

यूएसबी २.० चा कागदावरचा वेग ४८० मेगाबिट प्रति सेकंद. भागिले आठ केलं तर ६० एमबी होतात, पण प्रत्यक्ष डिस्कला ३० ते ४० च मिळतात. तुम्हाला त्याच्याही निम्मे मिळतायत, कारण दोन्ही डिस्क एकाच कंट्रोलरवर, म्हणजे पोर्ट्सची वाहतूक सांभाळणाऱ्या भागावर, आल्या आहेत. यूएसबी २.० मध्ये डेटा एका वेळी एकाच दिशेने जातो. एका डिस्ककडून वाचायचं, थांबायचं, मग दुसरीवर लिहायचं. एकपदरी पुलावरून दोन्हीकडची वाहतूक सोडल्यासारखं. तुमच्या चिपसेटमध्ये (मदरबोर्डवरच्या मुख्य चिपमध्ये) २.० चे दोन वेगळे कंट्रोलर आहेत. टर्मिनलमध्ये एलएसयूएसबी ही आज्ञा ‘टी’ पर्यायासह चालवा, कुठली डिस्क कुठल्या मुळाशी लटकलीय ते झाडासारखं दिसेल. पोर्ट बदलून डिस्क वेगळ्या मुळांवर, म्हणजे वेगळ्या कंट्रोलरवर, आल्या की ३५ च्या आसपास जाल. म्हणजे पैसा न खर्चता एकतीसचे पंधरा तास.

आता खरा उपाय. लॅपटॉपच्या कडेला साधारण साडेतीन सेंटिमीटर रुंदीची खाच असेल, त्यात प्लास्टिकचं खोटं कार्ड असेल. ते एक्स्प्रेसकार्ड. २००३ साली आलेला हा प्रकार लोक विसरून गेले, पण त्या खाचेत थेट मदरबोर्डवरच्या पीसीआय एक्स्प्रेस या वेगवान जोडणीची एक लेन (मार्गिका) आलेली असते. हबसारखी (एका पोर्टची अनेक करणाऱ्या डब्यासारखी) उसनी जोडणी नव्हे, आतल्या वायफाय कार्डाला मिळते तशीच स्वतःची. तिथे यूएसबी ३.० चं कार्ड बसतं.

पुढचं उद्या लिहितो, बरंच आहे.

---

वऱ्हाडी_वाट | सोमवार, रात्री ११:०५

माझ्याकडे टी४१० आहे, एक्स्प्रेसकार्डात यूएसबी ३.० गेली सहा वर्षं चालू आहे. चांगली चालते. पण घेताना बघून घ्या. मी पहिल्यांदा जे कार्ड घेतलं त्यावर चार पोर्ट्स होती, वर ‘हायस्पीड’ लिहिलेलं, आणि वेग तोच ३५. एक्स्प्रेसकार्डाच्या खाचेत पीसीआय एक्स्प्रेसच्या जोडीला यूएसबी २.० च्याही तारा येतात. ते कार्ड नुसत्या त्याच तारा वापरत होतं, म्हणजे तो साधा हब होता. नागपूरला परत करायला गेलो तर दुकानदाराने घेतलं नाही.

कार्डावरची चिप कोणती ते विचारा. एनईसी किंवा रेनेसासची यूपीडी७२०२००, एएसमीडियाची एएसएम१०४२, फ्रेस्को लॉजिक, एट्रॉन अशी नावं असतील तर ते खरं ३.० कार्ड. दुकानदाराला चिप सांगता येत नसेल तर घेऊ नका.

---

निळीशाई | मंगळवार, सकाळी ७:१५

मला एक समजलं नाही. माझा २००६ चा लॅपटॉप आहे, त्यालाही बाजूला खाच आहे पण ती रुंद आहे. त्यात हे कार्ड बसेल का?

---

तांब्याची_तार | मंगळवार, दुपारी २:१०

निळीशाई, रुंदीवरून फसगत होते. एक्स्प्रेसकार्ड दोन मापांत येतं, ३४ मिमी आणि ५४ मिमी. ५४ चं कार्ड एल आकाराचं असतं, कारण आतला जोड दोन्हींचा ३४ चाच. तुमच्या खाचेत टॉर्चचा उजेड टाकून बघा. आत टोकदार पिनांच्या दोन रांगा पूर्ण रुंदीभर दिसल्या तर ते जुनं पीसी कार्ड, म्हणजे कार्डबस. त्यात एक्स्प्रेसकार्ड बसत नाही, जोर लावू नका, पिना वाकतील. कार्डबससाठीही यूएसबी ३.० ची कार्डं निघाली होती, पण त्या वाटेची कागदावरचीच कमाल १३३ एमबी आहे आणि ती सगळ्यांत वाटून. हाती लागतं त्याच्या बरंच खाली. २.० पेक्षा बरं, एवढंच.

आता कोयनाकाठ, तुमचं. एक्स्प्रेसकार्ड किती वेगाने धावेल ते चिपसेटवर ठरतं, आणि इथे तुम्ही सुदैवी आहात. २०११ च्या आधीचे इंटेलचे लॅपटॉप घेतले तर या खाचेची लेन २.५ गिगाट्रान्सफरची (हे लेनच्या वेगाचं एकक), म्हणजे कमाल २५० एमबी. त्यातले प्रत्यक्षात दीडशे ते दोनशे. वऱ्हाडी_वाट यांचा टी४१० त्यात येतो. २०११ च्या इंटेलच्या सँडी ब्रिज प्रोसेसरांबरोबर जो ६ मालिकेचा चिपसेट आला त्यात लेन दुप्पट झाली, ५ गिगाट्रान्सफर, कमाल ५०० एमबी. तुमचा त्यातला. मात्र त्याच चिपसेटमध्ये इंटेलने यूएसबी ३.० दिलं नव्हतं. ते २०१२ मध्ये ७ मालिकेत आलं. तुमच्या मशिनमध्ये रस्ता रुंद आहे, फक्त त्याला बाहेर उघडणारं दार नाही. कार्ड म्हणजे ते दार.

३.० मध्ये जाण्या-येण्याच्या तारा वेगळ्या असतात, तेव्हा दोन्ही डिस्क एकाच कार्डावर लावल्या तरी वाचणं-लिहिणं एकमेकांना अडवत नाही. मग मर्यादा उरते ती तुमच्या डिस्कची. २.५ इंची फिरती डिस्क सुरुवातीच्या भागात ११०-१२० देते आणि भरत आली की ६० पर्यंत उतरते, कारण आतल्या वर्तुळांवर एका फेरीत कमी डेटा बसतो. सरासरी ९० धरा. १.९ टीबीला सहा तास.

लिनक्समध्ये ड्रायव्हर शोधायची गरज नाही. यूएसबी ३.० चा आधार लिनक्स कर्नलमध्ये सप्टेंबर २००९ मध्ये, २.६.३१ आवृत्तीत आला. विंडोज ८ पासून विंडोजमध्येही आहे. विंडोज ७ वाल्यांना चिपप्रमाणे ड्रायव्हर टाकावा लागतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, विजेचं. एक्स्प्रेसकार्डाच्या खाचेत ५ व्होल्ट येतच नाहीत. तिथे ३.३ आणि १.५ व्होल्टच असतात. कार्ड ३.३ चे ५ करून पोर्टला देतं आणि त्यात जेमतेम चार वॉट निघतात. यूएसबी ३.० चं एकच पोर्ट साडेचार वॉटपर्यंत मागू शकतं. तुमच्या दोन डिस्क एकदम फिरायला लागल्या तर ते पुरणार नाही. म्हणून बाजूला विजेचं छोटं गोल भोक असलेलंच कार्ड घ्या, किंवा स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी ३.० हब जोडीला घ्या. माझ्याकडे ‘कार्ड खराब निघालं’ म्हणून जे येतात त्यातली निम्म्याहून जास्त कार्डं चांगली असतात, डिस्क नुसती उपाशी असते.

---

शेवंती | मंगळवार, संध्याकाळी ६:३०

किती छान समजावलंत दादा. माझा मॅकबुक प्रो १३ इंची, २०११ चा. त्याला एक्स्प्रेसकार्ड नाही, यूएसबी २.० च आहे. पण थंडरबोल्ट हे वेगवान जोडणीचं पोर्ट आहे. त्याचा उपयोग होईल का?

---

दूरदेशी | मंगळवार, रात्री ८:५०

शेवंती, होईल. तुमच्याकडचं थंडरबोल्ट पहिल्या पिढीचं, १० गिगाबिटचं आहे. त्यावर यूएसबी ३.० देणारा थंडरबोल्टचा जुना डॉक (जास्तीची पोर्ट्स देणारा डबा) मिळाला तर काम सोपं. नवा डॉक घ्यायचा असेल तर अ‍ॅपलचा थंडरबोल्ट ३ ते २ चा अडॅप्टर मध्ये लागतो. तो अडॅप्टर वीज पुढे देत नाही, तेव्हा डॉकला स्वतःचा अडॅप्टर हवाच. आणि त्यात साधी यूएसबी-सी डिस्क लावली तर चालत नाही. भोकाचा आकार सारखा असला तरी समोरचं उपकरण थंडरबोल्टचंच असावं लागतं. यात बऱ्याच जणांचे पैसे वाया गेलेले मी पाहिलेत.

फायरवायर ८०० चं पोर्टही आहे तुमच्याकडे. त्या काळातली फायरवायरची डिस्क-पेटी कुणाकडे पडून असेल तर ७०-८० एमबी मिळतात, आणि त्यातून डिस्कला वीजही मिळते.

कोयनाकाठ, मी जर्मनीत असतो, इथे जुनी मशिन्स चालवणारे खूप आहेत. एक बिनखर्चाचा मार्ग सुचवतो. तुमच्या टी४२० ला गिगाबिट लॅन आहे. त्याचा प्रत्यक्ष वेग ११० एमबीच्या आसपास, म्हणजे यूएसबी २.० च्या तिप्पट. घरात किंवा शेजारी कुणाकडे यूएसबी ३.० चा कुठलाही लॅपटॉप असेल तर नवी डिस्क त्याला लावा आणि दोन्ही लॅपटॉप लॅनच्या साध्या तारेने थेट जोडा. पूर्वी थेट जोडायला वेगळी उलटसुलट तार लागायची, गिगाबिटमध्ये ती भानगड उरलेली नाही.

---

कोयनाकाठ | मंगळवार, रात्री ९:३०

सगळ्यांचे आभार. लॅनचं डोक्यातच आलं नव्हतं. पण त्यात जुनी डिस्क २.० वर राहील ना? मग वाचायचा वेग ३५ च.

---

दूरदेशी | मंगळवार, रात्री १०:००

बरोबर, तुमच्या बाबतीत माझं चुकलं. डेटा लॅपटॉपच्या आत असेल तर हा मार्ग लागू. शेजारचा लॅपटॉप मिळणारच असेल तर दोन्ही डिस्क त्यालाच लावा आणि मोकळे व्हा.

---

तांब्याची_तार | मंगळवार, रात्री १०:४०

एका वेळेचं काम असेल तर दूरदेशी म्हणतात तेच करा, कार्डावर खर्च नको. पण तुम्ही पुढेही रेकॉर्ड करणार आहात, दर महिन्याला डेटा येणार आहे. म्हणून माझं मत कार्डाला.

टी४२० ला एक पोर्ट यूएसबी आणि ई-साटा (आतल्या डिस्कची साटा जोडणी, तीच बाहेर काढलेली) असं दुहेरी आहे, तेही लक्षात ठेवा. ३ गिगाबिटचं आहे, म्हणजे वेग कार्डाच्या तोडीस तोड, आणि डिस्क थेट साटावर आल्यामुळे मध्ये यूएसबीचं भाषांतर नाही. पण नुसती ई-साटा तार वीज नेत नाही, आणि आता ई-साटाच्या पेट्या मिळणंच अवघड झालंय.

आतलं वायफाय कार्ड काढून तिथे यूएसबी ३.० बसवायचे व्हिडिओ दिसतील. त्या वाटेला जाऊ नका. पट्टीची तार बाहेर काढायला बॉडी कापावी लागते, आणि त्या काळच्या बऱ्याच लॅपटॉपांचं बायोस (चालू होतानाचं मूळ सॉफ्टवेअर) ओळखीचं नसलेलं कार्ड दिसलं की चालूच होत नाही.

---

कोयनाकाठ | पुढचा रविवार, सकाळी ११:२०

कार्ड मिळालं! मुंबईला भावाकडे गेलो होतो, तो लॅमिंग्टन रोडला घेऊन गेला. चार दुकानांत ‘आता कोण विचारतंय’ असंच उत्तर मिळालं. पाचव्या दुकानात काकांनी वरच्या फळीवरून खोका काढला. रेनेसासची चिप, दोन पोर्ट्स, बाजूला विजेचं भोक आणि सोबत तार. साडेआठशे रुपये.

घरी येऊन बसवलं. एलएसपीसीआय या आज्ञेच्या यादीत कार्ड लगेच दिसलं, वेग ५ गिगाट्रान्सफर, रुंदी एक लेन. तांब्याची_तार म्हणाले ते तंतोतंत.

पण दोन गोष्टी झाल्या. एक डिस्क लावली की ती दिसते, पण वेग जुनाच, ३५. आणि दुसरी लावली की पहिली टक-टक आवाज करून गायब होते. तो आवाज ऐकून मी दोन्ही तारा काढून ठेवल्यात. डिस्क जुनी आहे, परत लावायची भीती वाटते.

---

तांब्याची_तार | रविवार, दुपारी १२:०५

काढल्यात ते उत्तम केलंत. टक-टक म्हणजे वीज कमी पडून डिस्कचं डोकं परत परत जागेवर जातंय. डिस्क बिघडली असं लगेच समजू नका, पण तशी चालवत राहू नका.

आधी ३५ चं बघू. ३.० च्या तारेच्या प्लगमध्ये २.० चे चार संपर्क पुढे असतात आणि ३.० चे पाच मागे. तार हळूहळू सरकवली की पुढचे आधी टेकतात, लॅपटॉप ‘ही २.० ची डिस्क’ असं ठरवून टाकतो आणि मग तिथेच राहतो. कार्ड खाचेत थोडं हलतं, त्यामुळे आपण जपून घालतो आणि नेमकं हे होतं. एका हाताने कार्ड धरा, दुसऱ्याने तार एका दमात आत घाला. मग एलएसयूएसबीच्या झाडात ४८०एम ऐवजी ५०००एम दिसलं पाहिजे. तरीही नाही दिसलं तर तार बदला.

विजेसाठी, कार्डाच्या भोकात सोबतची तार लावून दुसरं टोक लॅपटॉपच्याच यूएसबी २.० पोर्टला लावा. डेटा कार्डातून, ज्यादा वीज २.० मधून. एका डिस्कला एवढं पुरतं. दोन्हींसाठी अडॅप्टरवाला हब घ्या. कॉपी सुरू असताना दोन्हींची भूक एकदम लागते.

---

वऱ्हाडी_वाट | रविवार, दुपारी १:३०

हबबद्दल एक सांगतो. तुम्ही वीज जाते म्हणालात. हबचा अडॅप्टर भिंतीत लावला तर वीज गेल्यावर लॅपटॉप चालू राहील, पण डिस्क मधेच बंद पडेल, लिहिणं अर्धवट राहील. मी १२ व्होल्टवर चालणारा हब घेतलाय आणि वायफायच्या राउटरसाठी मिळतो तो छोटा १२ व्होल्टचा यूपीएस त्याला लावलाय. दोन डिस्क तासभर आरामात निघतात. फक्त व्होल्ट आणि आतल्या पिनेचं अधिक-उणं जुळतंय का ते हबवरच्या चित्रात बघून घ्या, आणि अँपिअर हबच्या मूळ अडॅप्टरपेक्षा कमी नको. ५ व्होल्टचा हब असेल तर हा यूपीएस अजिबात लावू नका, डिस्कसकट जळेल.

---

कोयनाकाठ | बुधवार, रात्री ११:४५

काल हब आला, आज राउटरचा यूपीएस लावून संध्याकाळी पाचला कॉपी सुरू केली. तार एका दमात घातल्यावर ५०००एम दिसलं. सुरुवातीला १०८ एमबी, आता रात्री ८१. मध्ये साडेआठला पंचवीस मिनिटं वीज गेली होती, काहीच थांबलं नाही. लॅपटॉप बॅटरीवर, हब यूपीएसवर. १७ पासून इथपर्यंत आलो, मंडळी!

एकच विचित्र गोष्ट. कॉपी सुरू असताना बिनतारी माऊस अडखळतो. कर्सर उड्या मारतो.

---

दूरदेशी | गुरुवार, पहाटे १:१०

ते ३.० मुळेच. त्याच्या तारा-जोडांतून जो रेडिओ गोंगाट निघतो तो २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो, आणि माऊस त्याच पट्ट्यात बोलतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर कागद काढला होता. माऊसचा रिसीव्हर कार्डापासून लांब, लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला लावा किंवा छोट्या एक्स्टेंशन तारेवर घ्या. वायफायही मंदावलं असेल तर ५ गिगाहर्ट्झवर जोडा.

---

कोयनाकाठ | गुरुवार, सकाळी ८:००

माऊस सुटला. कॉपी रात्रीच पूर्ण संपली असं मला वाटत होतं, पण आरसिंकने (ज्या प्रोग्रॅमने कॉपी केली त्याने) तीन फाइली वाचता आल्या नाहीत म्हणून सांगितलंय. ‘इनपुट-आउटपुट एरर’. त्यातल्या दोन २०१४ च्या, एक २०१६ ची. २०१६ ची म्हणजे एका ज्येष्ठ शाहिरांचा अखेरचा रात्रभराचा सामना. परत कॉपी लावू का?

---

तांब्याची_तार | गुरुवार, सकाळी ८:२०

लावू नका. बाकी सगळं नव्या डिस्कवर आलंय ना? मग जुनी डिस्क अनमाउंट करा आणि थंड होऊ द्या. त्या फाइली जिथे आहेत तिथले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) गेलेत, साधी कॉपी तिथे डोकं आपटत राहते आणि डिस्कचं आयुष्य खाते. बिघडत्या डिस्कवरून डेटा काढणारा ग्नूचा डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम घ्या, तीन फाइलींवर एकेक करून चालवा, आणि प्रत्येकीला मॅपफाइल द्या. ते आधी वाचता येतं तेवढं सगळं उचलून घेतं आणि अवघड तुकड्यांकडे मागाहून वळतं. मध्ये थांबवलं तरी मॅपफाइलमुळे तिथूनच पुढे सुरू होतं. यासाठी डिस्क हबवर न ठेवता एकटीच कार्डावर लावा, विजेच्या जादा तारेसकट. आणि घाई करू नका, वेगाचा इथे संबंध नाही.

---

कोयनाकाठ | शुक्रवार, रात्री १०:१५

दोन्ही २०१४ च्या फाइली पूर्ण निघाल्या. २०१६ ची चार तासांची फाइल रात्रभर चालली, शेवटी ६४ केबी सोडून सगळी आली. उघडून पाहिली. तुऱ्याच्या (सामन्यातल्या एका पक्षाच्या) सवालात एका ठिकाणी चित्र क्षणभर फुटतं, आवाज तुटत नाही.

आता दोन्ही डिस्कवरच्या फाइलींचे एसएचए२५६ (फाइलीतल्या डेटावरून निघणारा ठसा) जुळवून बघतोय. या वेळेस वाचणं एवढंच काम आहे, तरी सहा तास दाखवतंय. ते झालं की जुनी डिस्क बाजूला ठेवणार, आणि तिच्याजागी आणखी एक नवी घेऊन ती बहिणीकडे पुण्याला ठेवणार. तांब्याची_तार दादा, कार्ड रोज काढून ठेवायचं की खाचेतच राहू द्यायचं? ते बोटभर बाहेर येतं.

---

तांब्याची_तार | शुक्रवार, रात्री १०:४०

बॅगेत घालताना काढा. बाहेर आलेल्या भागाला धक्का बसला तर कार्डाआधी खाचेचा जोड मोडतो, आणि तो मदरबोर्डवर असतो. काढलेल्या जागी ते प्लास्टिकचं खोटं कार्ड परत घाला, धूळ जात नाही. ते टाकून तर दिलं नाहीत ना?

---

कोयनाकाठ | शुक्रवार, रात्री १०:४४

नाही, खोक्यात आहे.